बद्द आवाज

माठ घ्यायला गेलेली बाई तो आधी एका हातावर तोलून धरते आणि दुसऱ्या हाताने त्यावर टिचकी मारते. खणखणीत आवाज आला तर माठ पक्का. बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे, मग तो डोळ्यांना दिसो वा न दिसो. फायबरच्या जुन्या होडीची परीक्षाही अशीच कानाने होते. ती मी पहिल्यांदा पाहिली मालवणच्या किनाऱ्यावर, मे महिन्याच्या मध्यावर. २४ फुटी होडी, वीसेक वर्षं मासेमारीत काढलेली, माडांच्या सावलीत एका कुशीवर कलती करून ठेवली होती. आठवड्यापूर्वी ओहोटीच्या वेळी ती खडपावर घासली होती. मालकांचं म्हणणं एवढंच, की थोडं खरचटलंय, पुट्टी भरून रंग मारला की झालं. बाहेरून दिसत होतं तेही तेवढंच. तळाच्या कण्यापासून वीतभर वर तळहाताएवढा ओरखडा, निळा रंग उडालेला आणि मधोमध केसासारख्या दोन-तीन भेगा.

कारागिराने खिशातून प्लॅस्टिकच्या डोक्याचा लहान हातोडा काढला. ओरखड्याजवळ तो गेलाच नाही. त्यापासून दोन हात लांब, जिथे होडी नक्की धड होती, तिथून त्याने ठोकायला सुरुवात केली. टक्, टक्, टक्. आवाज कोरडा आणि टणक, प्रत्येक ठोक्याला हातोडा उसळून परत येत होता. तो बोटभर अंतराने पुढे सरकत राहिला आणि ओरखडा अजून चार बोटं दूर असतानाच आवाज पडला. हातोडा उसळेना. कारागिराने तिथे खडूने टिंब काढलं, मागे जाऊन दुसऱ्या बाजूने पुन्हा ठोकत आला, आणखी एक टिंब. दहा मिनिटांत तळावर परातीएवढा वेडावाकडा घेर उमटला. त्याने खडू खिशात टाकला आणि हाताने घेर दाखवत म्हणाला, "हयसून थयपर्यंत पोकळ आसा."

मालक काही बोलले नाहीत. त्यांनी स्वतः हातोडा घेतला आणि तेही ठोकू लागले.

तळहाताएवढी खरचट आणि परातीएवढी जखम, हे गणित समजून घ्यायचं तर आधी होडीची भिंत कशाची बनलेली असते ते पाहावं लागेल. आपण सरसकट 'फायबर' म्हणतो, पण ती वस्तू दोन गोष्टींची जोडी आहे. एक काचेचे तंतू, दुसरं रेझिन. काचेचा तंतू ओढाताणीत विलक्षण चिवट असतो, पण एकटा तो नुसता दोरा. रेझिन घट्ट झालं की कडक होतं, पण एकटं ते ठिसूळ. साच्यात आधी जेलकोट फासतात, तोच होडीचा बाहेरचा गुळगुळीत रंगीत पृष्ठभाग. त्यावर काचेच्या तुकड्यांची मॅट, मग जाड विणीचं रोव्हिंग, पुन्हा मॅट, असे थर रेझिनमध्ये भिजवत एकावर एक बसवतात. चिरोट्याचे पापुद्रे असतात तशी ही भिंत. फरक इतकाच, की चिरोट्याचे पापुद्रे सुटावेत अशी आपली इच्छा असते आणि होडीचे कधीही सुटू नयेत.

आता शंभर पानी वही दोन्ही हातांत धरून वाकवा. पानं एकमेकांवरून सरकतात, म्हणून वही सहज वाकते. त्याच वहीचं प्रत्येक पान डिंकाने चिकटवलं तर ती फळीसारखी ताठ होईल, कारण आता पानांना सरकता येत नाही. सरकण्याचा सगळा जोर डिंकावर येतो. होडीची भिंत म्हणजे अशी चिकटवलेली वही. खडपाचा धक्का बसला की भिंत आत वाकते, थर एकमेकांवरून सरकू पाहतात आणि मधलं रेझिन मार खातं. धक्का पुरेसा जोरदार असेल तर ते तडकतं, थर सुटतात. ही फूट आघाताच्या जागेपुरती राहत नाही. आतल्या बाजूला जाताना ती पसरट होत जाते, नरसाळं उपडं ठेवावं तशी.

पण खरी अडचण त्यानंतरची आहे. लाकडाची फळी मोडली की मोडलेली दिसते. पत्र्याला पोच आला की पोच राहतो. फायबर मात्र धक्का खाऊन पुन्हा आपल्या जागी येतं. भिंत वाकते, आत फाटते आणि पूर्वीच्याच आकारात सरळ होते. वर जेलकोटवर राहतात त्या चार भेगा. जुन्या होड्यांच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक गंभीर चुका मी पाहिल्या त्या याच एका गैरसमजातून: आकार शाबूत आहे म्हणजे ताकद शाबूत आहे.

जेलकोटवरच्या भेगा वाचता आल्या तर त्या पुष्कळ सांगतात. एका बिंदूपासून चांदणीसारख्या फुटलेल्या भेगा म्हणजे टोकदार आघात. एकमेकींना समांतर धावणाऱ्या भेगा म्हणजे भिंत तिथे पुन्हा पुन्हा लवते आहे, बहुधा आतल्या एखाद्या कडक कडेवर. दुसऱ्या प्रकारच्या भेगांवर कितीही वेळा पुट्टी भरा, पुढच्या हंगामात त्या परत येणार. रोग भेगेत नाही, भिंतीच्या लवण्यात आहे.

वयाबद्दलही आपल्याकडे एक पक्का समज आहे. वीस वर्षं झाली, आता फायबर 'कुजलं' असेल, असं म्हणतात. काच कुजत नाही. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो गावी रे ग्रीन यांनी १९४२ मध्ये काचतंतू आणि पॉलिएस्टर रेझिनची छोटी होडी बनवली, तिथून या तंत्राची सुरुवात मानतात. पुढे १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकी तटरक्षक दलाने ४० फुटी फायबरच्या नौका सेवेत आणल्या. सुमारे दहा वर्षांनी आणि पुन्हा वीस वर्षांनी त्यांच्या भिंतींचे तुकडे कापून प्रयोगशाळेत ताणून, वाकवून पाहिले गेले. ताकद जवळजवळ तेवढीच निघाली. त्या काळच्या बांधणाऱ्यांना या नव्या पदार्थाचा पुरता भरवसा नव्हता, म्हणून लाकडाच्या हिशेबाने त्यांनी भिंती जाड ठेवल्या. त्या भीतीचा फायदा पुढच्या पिढ्यांना झाला.

'गोल्डन ग्लोब' ही एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची शर्यत तर नियमानेच जुन्या घडणीच्या नौकांची आहे. लांबी ३२ ते ३६ फूट, कणा पूर्ण लांबीचा आणि आराखडा १९८८ पूर्वीचा. आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी २०२२ च्या शर्यतीत 'बायानत' नावाच्या रस्लर ३६ जातीच्या फायबरच्या नौकेतून निघाले आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये दुसरे आले. केप हॉर्नला वळसा घालून आलेली ही नौका. जुनी घडण म्हणजे कमकुवत घडण, असं तिच्याकडे पाहून कोणी म्हणणार नाही.

याच्या उलट उदाहरण आठ वर्षांच्या नौकेचं आहे. 'चीकी राफिकी' ही ४० फुटी शिडाची नौका २००६ मध्ये बांधलेली. मे २०१४ मध्ये अँटिग्वाहून साउदॅम्प्टनला जाताना भर अटलांटिकमध्ये तिचा खालचा वजनी कणा निखळला आणि ती उलटली. चार जण गेले. पालथी नौका सापडली तेव्हा तळाला कणा नव्हता. ब्रिटनच्या सागरी अपघात तपास शाखेने २०१५ मध्ये अहवाल दिला. नौका आधी काही वेळा तळाला घासली होती, तिची दुरुस्तीही झाली होती, आणि या साऱ्याच्या एकत्रित परिणामाने कणा जिथे जोडलेला असतो तिथली रचना कमकुवत झाली असावी, असा त्याचा रोख होता. तळाच्या आत बळकटीसाठी फायबरचाच एक जाळीदार सांगाडा चिकटवलेला असतो. तो तळापासून सुटला तर वरून पाहणाऱ्याला ते सहसा कळत नाही.

म्हणून वय विचारण्याआधी विचारावं, ही कितीदा आपटली आहे, आणि आपटल्यावर आत कोणी पाहिलं होतं का?

आत पाहणं म्हणजे नेमकं काय पाहणं, हे त्या मालवणच्या होडीत मला दिसलं. कारागिराने मासे ठेवायच्या खणातली तळफळी उचकटली, बॅटरी मारली आणि मला डोकं आत घालायला सांगितलं. तळाला लांबीच्या दिशेने दोन दांडे आणि त्यांना आडवे पाच-सहा. लाकडावर मॅट चढवून ते तळाला जोडलेले. हा होडीचा सांगाडा, लाकडी होडीतल्या वाकांची, म्हणजे बरगड्यांची, जागा यांनीच घेतलेली. बाहेर जिथे खडूचा घेर होता, बरोबर त्याच्या वर आडव्या दांड्याची मॅट तळापासून सुटली होती. फट इतकी बारीक, की जुनं पोस्टकार्ड जेमतेम आत जावं. कारागिराने पोस्टकार्ड नाही, करवतीचं पातं सरकवलं. ते सहज हातभर आत गेलं. म्हणजे भिंतीचे थर सुटले होते ते वेगळंच, आता तिला पाठीमागून आधारही उरला नव्हता. अशी होडी शांत पाण्यात दोन वर्षं चालेल. एखाद्या दिवशी लाटेच्या माथ्यावरून खाली आपटेल तेव्हा तळ पोटासारखा आत-बाहेर होईल आणि फाटेल.

पाण्याबद्दलची एक गोष्ट कोकणात तरी सर्वांना माहीत असायला हवी. फायबरच्या आत बंद केलेल्या लाकडाला खाऱ्या पाण्यापेक्षा गोड्या पाण्याची भीती जास्त. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला मीठ मानवत नाही, पावसाचं पाणी मानवतं. वर्षभर समुद्रात असलेल्या होडीचं लाकूड टिकतं आणि पावसाळ्यात किनाऱ्यावर उघडी टाकलेली होडी आतून पोखरली जाते, ती यामुळे. पूर्वी होड्या झावळांनी शाकारून ठेवत, त्यामागचं शहाणपण फायबरच्या होडीलाही तितकंच लागू आहे. लाकडापर्यंत पाणी शिरतं ते भिंतीतून नाही, नंतर पाडलेल्या भोकांतून. कडी बसवायला, दिवा लावायला, वायर नेण्यासाठी कोणीतरी ड्रिल चालवलं आणि स्क्रूभोवती काही भरलं नाही. तिथून थेंब थेंब.

सगळ्यात जास्त मार खाते ती इंजिन लटकणारी मागची भिंत. ट्रान्सम. तिच्या पोटात बहुधा प्लायवूड असतं. तपासायची सोपी युक्ती म्हणजे इंजिनाचा पाय धरून वर-खाली जोर द्यायचा आणि इंजिनाकडे न पाहता भिंतीकडे पाहायचं. ती श्वास घेतल्यासारखी हलली तर आतलं लाकूड गेलं. खात्री करायची तर आतल्या बाजूने लहान भोक पाडून ड्रिलच्या पात्यावर आलेला भुसा बोटावर घ्यावा. पिवळसर, कोरडा, लाकडाचा वास येणारा भुसा म्हणजे ठीक. काळपट, ओला, चोळल्यावर मळीसारखा पसरणारा म्हणजे ट्रान्सम बदलायला झाला. असं लाकूड वाळवून वाचवता येतं का, असं अनेक जण विचारतात. नाही. पातळ रेझिन आत ओतून ते घट्ट करण्याचे उपाय बाजारात मिळतात, पण ज्याच्यावर इंजिन टांगायचं आहे तिथे ते वापरू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

तळावर येणारे फोड हा वेगळा विकार, आणि त्याची भीती गरजेपेक्षा मोठी आहे. जेलकोटमधून पाण्याची वाफ अतिसूक्ष्म प्रमाणात आत जाते, आतल्या न जुळलेल्या रसायनांत मिसळते, तिथे दाट द्राव होतो आणि तो बाहेरचं पाणी आणखी ओढून घेतो. मनुका पाण्यात फुगते तोच न्याय. फोड फोडला तर आतून चिकट, व्हिनेगरसारख्या वासाचं पाणी येतं. डोळ्याला चष्मा लावूनच फोडावा, कारण आत दाब असतो. बारा महिने पाण्यात नांगरलेल्या शिडाच्या नौकांना हा त्रास जास्त. रोज किंवा आठवड्याला वाळूवर ओढल्या जाणाऱ्या आपल्या होड्यांना तो कमी, कारण त्यांना वाळायला सवड मिळते. चार-सहा फोडांनी होडी बुडत नाही. घासून, गोड्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून इपॉक्सीने भरावेत. पण फोडाखाली हातोडा बद्द वाजला, तर तो फोड नाही, थर सुटलेला आहे, आणि मग दुरुस्ती वेगळी.

त्या वेगळ्या दुरुस्तीबद्दल आता सविस्तर.

पहिलं काम तोडण्याचं. हे मालकांना पटवणं फार कठीण जातं. पैसे देऊन जोडायला बोलावलेला माणूस ग्राइंडर घेऊन धड दिसणारी भिंत कापतो, हे बघवत नाही. पण सुटलेल्या थरांवर नवे थर चढवणं म्हणजे सुटलेल्या गिलाव्यावर गिलावा. खडूच्या घेरातला सगळा भाग टणक आवाज लागेपर्यंत काढावाच लागतो. त्या होडीला शेवटी ३० सेंटिमीटर व्यासाचं आरपार भोक पडलं. त्यातून पलीकडचे माड दिसत होते.

दुसरं काम कडा उतरत्या करण्याचं, आणि माझ्या मते दुरुस्तीचा जीव इथे आहे. घट्ट झालेल्या जुन्या रेझिनला नवं रेझिन रासायनिकरीत्या जोडलं जात नाही. ते फक्त चिकटतं, खरखरीत पृष्ठभागाला धरून राहतं. कड सरळ उभी ठेवली तर नव्या-जुन्याची भेट भिंतीच्या जाडीएवढ्याच चिंचोळ्या पट्टीत होते, आणि ती कधी ना कधी उघडते. म्हणून कड लांबवर उतरती घासायची. मानलेलं प्रमाण एकास बारा. भिंत ६ मिलिमीटर जाड असेल तर उतार ७२ मिलिमीटरचा, चहूबाजूंनी. ३० सेंटिमीटरच्या भोकाभोवती असा उतार केला की काम सुमारे ४४ सेंटिमीटर व्यासाचं होतं. उतारावर जुने थर नकाशातल्या समोच्च रेषांसारखे एकामागून एक उघडे दिसू लागतात. ते मोजले की बांधणाऱ्याने किती थर दिले होते, कुठे मॅट आणि कुठे रोव्हिंग, सगळं कळतं. तेवढेच थर परत द्यायचे, जमल्यास एक जास्त. कमी कधीच नाही.

घासताना मास्क हवाच, आणि साधा रुमाल म्हणजे मास्क नव्हे. काचेची धूळ कातडीला खाज आणते ती दोन दिवसांत जाते. फुप्फुसात गेलेल्या धुळीचं तसं नाही. आपल्या किनाऱ्यावर उघड्या अंगाने, तोंडाला काही न बांधता फायबर घासणारी तरुण मुलं मी पाहतो तेव्हा होडीपेक्षा मला त्यांची काळजी वाटते. मालकांनी मजुरीबरोबर चांगला मास्क द्यावा. त्याची किंमत रेझिनच्या एका डब्यापेक्षा कमी असते.

तिसरं, साचा. भोकाला बाहेरून पाठ लागते, नाहीतर ओली मॅट लटकेल कशावर? कारागिराने सनमायकाचा तुकडा घेतला, गुळगुळीत बाजूला मेण चोळलं आणि तो होडीच्या वळणावर बाहेरून दाबून बसवला. सनमायका वळण धरतं आणि मेणामुळे रेझिन त्याला चिकटत नाही. मग आतून थर.

आता रेझिन कोणतं? आपल्याकडे होड्या बांधतात त्या साध्या पॉलिएस्टरने आणि दुरुस्तीही त्यानेच होते. ते स्वस्त असतं, हाताला सरावाचं असतं. पण जुन्या भिंतीला धरून राहण्यात इपॉक्सी त्याच्या कितीतरी पुढे. नवी होडी बांधताना पॉलिएस्टर पुरतं, कारण तिथे ओल्यावर ओलं चढतं. दुरुस्तीत सुक्यावर ओलं चढतं, तिथे चिकटपणाच कामाला येतो. पाण्याखालच्या भागाची दुरुस्ती इपॉक्सीनेच करावी, खर्च वाढला तरी, असं मी सांगेन. मात्र दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. साध्या मॅटचे तुकडे ज्या डिंकाने धरलेले असतात तो पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. म्हणून इपॉक्सीबरोबर मॅटऐवजी शिवलेलं कापड घ्यावं. आणि इपॉक्सीवर पुन्हा पॉलिएस्टरचा जेलकोट धरेल याचा भरवसा नाही, त्यावर दोन घटकांचा रंगच द्यावा.

पॉलिएस्टरच वापरायचं असेल तर त्याची बाराखडी अशी. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट हा वेगवर्धक ढवळून पूर्ण मिसळायचा, मग शेवटी हार्डनर, साधारण १ ते २ टक्के, मेच्या उन्हात कमीच. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नये. त्याचा भडका उडतो, स्फोटही होतो. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवू नयेत, दोन्हींसाठी एकच माप वापरू नये. जाडीचा अंदाज सोपा आहे: ४५० ग्रॅमच्या मॅटचा एक थर हाताने बसवला की सुमारे १ मिलिमीटर होतो. पण सहाही थर एका बैठकीत ठोकू नयेत. रेझिन घट्ट होताना तापतं. जाड थर स्वतःच्याच उष्णतेने धुरकटतो आणि तडकतो. तीन थर, थोडी उसंत, मग तीन. प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची. भिजलेली मॅट पारदर्शक होते, पांढरी राहिलेली जागा म्हणजे तिथे काच कोरडी आहे. डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर पूर्व किनाऱ्यावर मदत म्हणून थोड्या काळात फार मोठ्या संख्येने फायबरच्या होड्या बांधल्या गेल्या. त्यातल्या अनेकींचा दर्जा घाईत घसरला होता. कोरडी मॅट आणि नुसत्या रेझिनचे ढिगारे, ही घाईची दोन्ही चिन्हं आहेत.

भिंत झाली म्हणजे काम झालं असं नाही. सुटलेला आडवा दांडा पुन्हा जोडायला हवा, आणि तोही काटकोनात टेकवून नव्हे. दांडा आणि तळ यांच्या कोपऱ्यात घट्ट पुट्टीची गोलाई द्यायची आणि तिच्यावरून कापडाच्या पट्ट्या, एकीपेक्षा दुसरी रुंद. गोलाई नसेल तर कापड कोपऱ्यात पोकळ राहतं आणि भिंतीवर दांड्याची कड जिथे रुतते त्या रेषेत पुन्हा भेगा येतात.

या सगळ्यात कोकणाची स्वतःची एक पंचाईत आहे, जी परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची बंदी, तेवढाच काळ होडी निवांत किनाऱ्यावर. दुरुस्तीला सवड असते ती नेमकी वर्षातल्या सर्वांत ओल्या दोन महिन्यांत. काचेवर दवाचा पातळसा थर असला तरी रेझिन काचेला धरत नाही, थर वरून सुंदर दिसतो आणि आत सुटा राहतो. हवेत इतकी आर्द्रता असताना लाकूड वाळत नाही, जुनी भिंत वाळत नाही. यावर उपाय दोनच. मोठी दुरुस्ती असेल तर होडी एप्रिलच्या अखेरीस किंवा मेच्या सुरुवातीला वर घ्यायची आणि हंगामाचे शेवटचे दिवस सोडायचे. कठीण आहे, मला माहीत आहे. मेमधला मासळीचा भाव सोडणं कोणाला परवडतं? नाहीतर चारी बाजूंनी बंद, कोरड्या शेडमध्ये दिवे लावून काम करायचं. ताडपत्रीखाली जुलैत केलेली तळाची दुरुस्ती मी विश्वासाने पाण्यात सोडणार नाही.

आणि कधी सोडून द्यावं? सांगाडा बहुतेक ठिकाणी सुटलेला, ट्रान्सम गेलेला आणि तळ निम्म्याहून जास्त बद्द, अशी तिन्ही एकत्र असली तर दुरुस्तीचा खर्च नव्या होडीच्या किमतीपर्यंत जातो. पण एकच असेल तर दुरुस्त करावी. लाकडी होडी म्हातारी झाली की तिची फळी दुसरीकडे कामाला येते, शेवटी चुलीत जाते. फायबरला असा शेवट नाही. ते जाळलं तर विषारी धूर, पुरलं तर तसंच राहतं. खाड्यांच्या काठी चिखलात रुतलेली फायबरची धूडं वाढत चालली आहेत. चांगली दुरुस्ती केलेला तळ आणखी वीस वर्षं जातो.

मालवणची ती होडी त्या पावसाआधी झाली. कारागिराने रंग लावण्यापूर्वी मालकांना पुन्हा हातोडा दिला. त्यांनी नव्या भागावर ठोकून पाहिलं आणि मग, कोणी सांगितलं नसताना, उरलेल्या सगळ्या तळावर ठोकत गेले, नाळेपासून इंजिनापर्यंत.

जुनी फायबरची होडी घ्यायला जाणाऱ्यांना एवढंच सांगायचं आहे: नव्या रंगाचे पैसे देऊ नका. लहान हातोडा, खडू आणि बॅटरी बरोबर न्या. तळफळ्या उचलायला लावा, आणि मालक नको म्हणाले तर ती होडी घेऊ नका.